लाकडाची पाठ वाचणारे भावोजी

भावोजी कुठल्याही वस्तूची आधी पाठ बघत. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा बूट काढले, माझ्या नवऱ्याशी हात मिळवला आणि भिंतीवरचं चित्र खिळ्यावरून उतरवून उलटं केलं. ट्युलिपच्या शेताचं ते चित्र मी मोठ्या हौसेने घेतलं होतं. मागून नीट न्याहाळून त्यांनी ते परत लावलं, तिरकं तर नाही ना हे दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. छापील आहे." शुभाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "मला बघायला आले होते ना, तेव्हा आधी चहाचा ट्रे उलटा करून बघितला होता यांनी. माझ्याकडे नंतर."

"सागवानी होता," भावोजी म्हणाले आणि वरणभाताकडे वळले.

शुभाताई नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला चिपची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होत्या आणि जवळच्या बेस्ट नावाच्या गावात आमच्या मागच्या गल्लीत राहत. त्या ताई, म्हणून हे भावोजी. पुढे त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना भावोजीच म्हणू लागली. आमच्या मराठी गोतावळ्यात नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायका पैशाला पासरी होत्या, त्यातली एक मी. बायकोच्या व्हिसावर आलेला नवरा मात्र हा एकच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हमखास कोणीतरी नवा गृहस्थ त्यांना विचारायचा, "मग तुम्ही सध्या काय करता?" त्यावर ते अगदी सरळ चेहऱ्याने सांगत, "शुभाचा नवरा आहे. दुपारी मोकळा असतो." त्याआधी ते इस्लामपूरच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवत होते. ते सोडून आल्याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पटाशी आणलीये की बरोबर."

या मोकळ्या दुपारींपैकी एका दुपारी ते पाट करायला लाकूड शोधत सायकलवरून निघाले आणि गावाबाहेर यानच्या शेडमध्ये पोचले. यान सत्तरीचा डच माणूस. त्याचे आईवडील जत्रेतले, गावोगाव पाळणे घेऊन हिंडणारे. त्या शेडमध्ये जुन्या लाकडी रोलर कोस्टरवरची सजावट छतापर्यंत रचलेली होती. सिंहांची मुंडकी, सोनेरी वेलबुट्टी, रंगवलेल्या फळ्या, दिव्यांच्या भोकांची अक्षरं. कोस्टर मोडताना सांगाडा जळणात जायचा आणि नक्षी अशा कोणाकडे तरी उरायची. यान ती विकत घ्यायचा आणि हौशी लोकांना विकायचा. कुठली वस्तू कुठल्या कोस्टरवरची, हे तो बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून सांगायचा.

भावोजी त्या दिवशी एका सिंहाच्या मुंडक्याखाली उताणे पडलेले त्याला सापडले. यान "जोडी" म्हणून विकायला काढलेले दोन सिंह घेऊन बसला होता. ही जोडी नाही, हे भावोजींनी त्याला हातवारे करून पटवलं. एकाचे स्क्रू हाताने कापलेले, दुसऱ्याचे यंत्रावरचे. वर एकाच्या मानेत दिव्याच्या तारेला वाट होती, दुसऱ्याच्या नव्हती. यानचं मोठं गिऱ्हाईक त्या दिवशी हातचं गेलं, तरी दुसऱ्या दिवशी त्याने भावोजींना शेडची किल्ली दिली. माणूस ओळखण्यात यानराव पक्के होते.

माझं तिथे जाणं झालं ते डचमुळे. इनबुर्गेरिंगची, म्हणजे इथे राहायला लागणारी भाषेची परीक्षा मी नुकतीच पास झाले होते आणि घरी बसून ते डच फक्त सुपरमार्केटमध्ये वापरत होते. भावोजींचं डच सुतारकामापुरतं: स्क्रू, फळी, डावं, उजवं, फक्त, बहुतेक. "वृंदा, मला जीभ पाहिजे," ते म्हणाले. "हात आहेत माझ्याकडे." म्हणून आठवड्यातले दोन दिवस मी त्यांची जीभ झाले. संग्रहालयांना पत्रं लिहायची, बेल्जियमच्या कुठल्या तरी म्हाताऱ्या सुताराला फोन करायचा, आणि आलेलं उत्तर त्यांच्या लांबलचक वहीत मराठीत उतरवायचं.

त्यांच्याकडून शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे इकडचे कितीतरी लाकडी कोस्टर फिरते होते. जत्रा संपली की खोलायचे, पुढच्या गावी उभे करायचे. त्यामुळे प्रत्येक फळीच्या मागे ती कुठे बसते याची खूण असे. कोणी खाचा पाडलेल्या, कोणी आकडे घातलेले, कोणी खडूने दोन शब्द लिहिलेले. "पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी," भावोजी म्हणत, "मागची कामगारासाठी. कामगार कामगाराला फसवत नाही." बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर ते वितीने मोजत, मग पट्टीने, आणि दोन्ही आकडे वहीत लिहीत. वितीचा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "ज्याने पाडलं त्याने पण आधी वितीनेच बघितलं असणार."

आणि काही कळलं नाही तर वहीत "माहीत नाही" लिहीत. हे दोन शब्द गिऱ्हाइकासमोर डचमध्ये म्हणताना माझाच जीव खालीवर व्हायचा. एक बाई एका सोनेरी सूर्यावर अगदी भाळली होती. तो अमक्या प्रसिद्ध कोस्टरवरचा आहे एवढं ऐकलं की ती घेणार होती. भावोजींनी सूर्य उलटा केला, सुलटा केला आणि मला म्हणाले, "सांग, माहीत नाही." यान माझ्या कानात पुटपुटला, "तुझा माणूस मला भिकेला लावणार." बाईने सूर्य घेतला नाही. यानने चहा केला.

अशात एका सप्टेंबरमध्ये आर्नहेमहून एक मेफ्राऊ आल्या. मेफ्राऊ म्हणजे बाई. आम्ही त्यांना शेवटपर्यंत तेवढंच म्हटलं. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, बरोबर भाचा. त्यांचे वडील एका फिरत्या कोस्टरचे रंगारी होते. मेफ्राऊ नऊ वर्षांच्या असताना ते गेले. मागे उरली होती फक्त त्यांची रंगांची पेटी, ती मेफ्राऊ पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. वडिलांनी कोस्टरवर लेकीचं चित्र काढलं होतं, लाल रिबन बांधलेलं, असं त्यांची आई सांगत असे. यानकडे तशी एक फळी होती: गोल चेहऱ्याची मुलगी, केसांत लाल रिबन. मेफ्राऊ तिच्यासमोर उभ्या राहिल्या, काठी भाच्याकडे दिली आणि दोन्ही हात तिच्या गालांवर ठेवले. महिन्या-दोन महिन्यांत त्या वृद्धाश्रमात जाणार होत्या. तिथल्या खोलीत एकच भिंत आपली, आणि त्या भिंतीवर त्यांना ही हवी होती. "पण आधी मला सांगा," त्या म्हणाल्या, "ही माझ्या वडिलांची आहे का?"

यान तोंड उघडणार तेवढ्यात भावोजींनी त्याच्या दंडावर हात ठेवला. मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत वेळ माग. आणि पेटी ठेवून जा म्हणावं."

आता माझा पराक्रम. खंडेनवमीला भावोजी शेडमध्ये हत्यारांची पूजा करत. यानचे रंधे आणि करवतीसुद्धा हळदकुंकू लावून मांडायचे, आणि यान हात जोडून उभा राहायचा. त्या वर्षी मी आदल्या दिवशी एकटीच झाडलोट करायला गेले. सणाच्या आदल्या दिवशी घरातलं काही कळकट दिसलं की माझ्या आईचा हात आपोआप फडक्याकडे जायचा; माझाही जातो. फळ्यांच्या पुढच्या बाजूला हात लावायचा नाही, हे मला पाठ होतं. म्हणून मी त्यांची तोंडं भिंतीकडे केली आणि पाठी पुसल्या. गरम पाणी, साबण. इतकी काजळी निघाली की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी ती मुलगी उलटी केली आणि तसेच उभे राहिले. "इथे निळ्या खडूने काहीतरी लिहिलेलं होतं," ते म्हणाले. "काजळीतून वाचता येत नव्हतं. तिरक्या उन्हात बघणार होतो." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पाणी गरम होतं का गार?"

"गरम," मी म्हटलं.

"बरं." एवढं म्हणून त्यांनी पटाशीला फूल वाहिलं. त्या दिवशी मी नैवेद्याचा शिरा खाऊ शकले नाही. पाठ म्हणजे काय, हे शेडमधल्या सगळ्यांत जास्त मलाच सांगितलेलं होतं, आणि तीच मी घासून काढली होती. एका म्हाताऱ्या बाईच्या वडिलांची सही कदाचित माझ्या बादलीत गेली होती.

पुढचे तीन आठवडे भावोजी त्या फळीपाशीच होते. बोल्टची भोकं यानच्या आणखी दोन फळ्यांशी जुळली, म्हणजे कोस्टर तोच, मेफ्राऊंच्या वडिलांचा. मग यानच्या आईच्या अल्बममध्ये त्याच कोस्टरचा एक फोटो सापडला. फळी फोटोत स्पष्ट दिसत होती. मुलगी तीच, पण केस मोकळे, रिबन नाही. भावोजींनी अर्थातच फोटो उलटा केला. मागे यानच्या आईच्या अक्षरात साल होतं, मेफ्राऊंच्या जन्माच्या पाच वर्षं आधीचं. मग त्यांनी भिंग घेतलं. रिबनचा लाल रंग जिथे टवका उडाला होता तिथे खाली पिवळा दिसत होता. बाकी चित्रात कुठेच लालखाली पिवळा नव्हता. मेफ्राऊंच्या वडिलांच्या पेटीच्या झाकणावर मात्र तस्संच, पिवळ्यावर लाल.

म्हणजे मुलगी दुसऱ्याच कोणीतरी, खूप आधी काढलेली. वडिलांची असलीच तर रिबन. भावोजींनी हे मला दोनदा समजावून सांगितलं.

यानच्या व्हॅनमध्ये फळी घालून आम्ही तिघं आर्नहेमला गेलो. मेफ्राऊंच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. फळी खुर्चीवर टेकवून उभी केली. भावोजी माझ्या शेजारी बसून सावकाश मराठीत सांगू लागले: फोटो, भोकं, पिवळा रंग, सगळं. मेफ्राऊ माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि मी डचमध्ये म्हटलं, "हो. ही तुमच्या वडिलांनीच काढली आहे."

त्या रडायला लागल्या. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. आणि भावोजी उठले. त्यांना वाक्य कळलं नसेल, पण एवढं मोठं सांगितलेलं एवढ्याशा वाक्यात मावत नाही, हे नक्कीच कळलं. ते फळीपाशी गुडघ्यांवर बसले, मेफ्राऊंचा हात धरून त्यांचं बोट रिबनच्या कडेवर ठेवलं. तिथे रंग जाड होता, बोटाला लागायचा. आपल्या सुतारी डचमध्ये ते म्हणाले, "अलेन हेत लिंट." फक्त रिबन. मग चेहऱ्याकडे बोट करून नकारार्थी मान हलवली. फाडर म्हणजे वडील. "फाडर, नाही. रिबन, फाडर. बहुतेक."

भाचा माझ्याकडे बघत होता. मग मी सगळं सांगितलं, फोटो दाखवला, पेटीचं झाकण दाखवलं. मेफ्राऊंचं बोट रिबनच्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत राहिलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ही मुलगी आधीपासूनच तिथे होती. ते रोज तिच्यासमोरून जात असतील. आणि मी झाल्यावर त्यांनी तिला माझी रिबन बांधली." मग त्या भाच्याला म्हणाल्या, "हे जास्त चांगलं आहे."

परतताना व्हॅनमध्ये भावोजी पुढे न बसता माझ्याजवळ मागे बसले. "वृंदा, भाषा तुझी आहे म्हणून माझं म्हणणं बदलायचं नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण माझ्याशी ते तसं त्याआधी किंवा नंतर कधी बोलले नाहीत. यानला मराठी कळत नव्हती, तरी त्याने रेडिओ बंद केला. मी म्हटलं, "माझ्यामुळे ती अक्षरं गेली, भावोजी. मला वाटलं, निदान एवढं तरी द्यावं त्यांना." ते खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढे मी दुभाषीच झाले. इस्पितळात, खेमेंतेत म्हणजे नगरपालिकेत, जिथे आपल्या माणसांना डच अडतं तिथे जाते. कोणी मुलगा दारातच मला बाजूला घेऊन सांगतो, "मॅडम, आईला सगळं सांगू नका." मी त्याला सांगते की डॉक्टर बोलतील तेवढं मी बोलणार, तेवढंच. कठीण जातं, पण बोलते.

शुभाताईंची बदली पुण्याला झाली आणि भावोजी गेले. जाताना त्यांनी यानला पटाशी दिली आणि मला वही. त्यांना सोडून आल्यावर मी ती उघडली आणि थेट त्या मुलीचं पान काढलं. अंतरं होती, वितीची आणि पट्टीची. फोटोची हकीकत होती. आणि त्या हकीकतीच्या वर, त्यांच्या त्या रेखीव अक्षरात: "पाठीवर निळ्या खडूचा मजकूर होता. वाचण्यापूर्वी माझ्या हातून पुसला गेला."

माझ्या हातून. सबंध वहीत ते एकच खोटं वाक्य असेल. ज्या माणसाने एका म्हातारीच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी माझं एक वाक्य खपवून घेतलं नाही, त्याने ते खंडेनवमीच्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. वर तारीख होती. मी खूप रडले. मग पेन घेतलं, "माझ्या" खोडलं आणि वर "वृंदाच्या" लिहिलं.

त्यांना फोन करून सांगितलं, "भावोजी, वहीत एक चूक होती. दुरुस्त केलीये मी."

ते म्हणाले, "खोडलंयस ना, मग शेजारी सही कर."