आवळीच्या बुंध्यावर अक्का

पारोळ्याजवळ आमच्या बांधावर एकच गावठी आवळी होती. फळ सुपारीएवढं, पण तुरट असं की बोलती बंद. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. शरीराची झीज रोखणारी अँटीऑक्सिडंट आवळा वाळवला तरी बरीच टिकतात, हे मी सासरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. थोरल्या दिरांनी ऐकून घेतलं, आणि ट्रॅक्टर वळायला अडचण होते म्हणून पोळ्यानंतर आवळी तोडली. कलमी आणू, म्हणाले, लिंबाएवढं फळ येतं. माझा नुसता जळफळाट झाला. बी पेरून तसंच झाड मिळत नाही. बुंध्याला एक तांबूस फुटवा आला होता, तेवढाच तो वाण उरला होता.

दर कार्तिक नवमीला बायका आवळीला सूत गुंडाळायच्या आणि तिच्या सावलीत जेवायच्या. माझी थोरली नणंद, सगळ्यांची अक्का, विधवा होती. ती सुताला शिवायची नाही. लांब बसून वांगी चिरायची.

त्या नवमीलाही आम्ही सवयीने ताटं घेऊन गेलो. दीर बुंधा खणून काढायला कुदळ घेऊन आलेच होते. अक्का विळी सोडून उठली, बुंध्यावर चढली आणि फुटवा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन उभी राहिली.

"गुंडाया सूत," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. बायका सूत गुंडाळत तिच्याभोवती फिरू लागल्या. मीही फिरले. बुंध्यावरचे मुंगळे तिच्या पायांवरून मानेपर्यंत चढले, तिने एकही झटकला नाही. पापणी हलत नव्हती. मला तिच्याकडे बघवेना.

"अक्का, खाले उतर. लोके दखी राहिनात," दीर म्हणाले. लोक बघताहेत हे तिलाही दिसत होतं, तरी ती उतरली नाही. पूजेचं सूत हाताने तोडायचं नसतं, त्यामुळे दिरांनाही पुढे होता येईना. आम्ही तिच्या सावलीत ताटं मांडली आणि जेवलो.

शेवटी दिरांनी कुदळ खांद्यावर टाकली. "राहू दे तो बुंधा," म्हणाले, आणि मागे न बघता गेले.

तेव्हा अक्का माझ्या कानाशी पुटपुटली, "सैल कर माय. मना दम कोंडाई राहिना."

पुढच्या कार्तिकात अक्का नव्हती. फुटवा तिच्या खांद्याएवढा झाला होता. सूत माझ्या हातात होतं. मी ते सैलच गुंडाळलं.