बोनसचं डोकं कुणाच्या मांडीवर होतं?

मी मेंटेनन्सवाला माणूस. कुठून आवाज आला तर आधी बेअरिंग बघतो, भूतबित नाही. या ग्रुपवरचे असले अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि हसायचो. त्यामुळे आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही...

मूळचा शिरपूरकडचा. बावीस वर्षं झाली, नरोलीच्या एका धाग्याच्या कंपनीत फिटर आहे. राहायला सिल्वासात, तळमजल्यावर दोन खोल्या. आमचा कुत्रा बोनस. दिवाळीच्या बोनसच्या दिवशी कंपनीच्या गेटवर सापडला, म्हणून हे नाव. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा तो आमचा कोण होता हे वेगळं सांगत नाही. चौदा वर्षं होता.

शेवटच्या दोन महिन्यांत त्याचे मागचे पाय गेले, मग किडन्या. कुशीला जखमा झाल्या. पाणीसुद्धा पोटात ठरेना. कूस बदलताना असा कण्हायचा की सुमन – माझी बायको – गॅस बंद करून मोरीत जाऊन उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शन देऊन सोडवा त्याला.

सुमनने साफ नाही म्हटलं. माझी आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं सुमननेच केलं होतं. "आईंना दिली का आपण सुई?" मी म्हटलं, आई बोलू शकत होती, याला विचारायचं कसं? तर म्हणाली, "विचारता येत नाही, तर आपण ठरवायचं कसं?" पण त्याचं कण्हणं शेवटी तिलाही ऐकवेना. ती माहेरी निघाली. दारात एवढंच म्हणाली, "करा तुम्हाला करायचं ते. फक्त त्याला एकटं सोडू नका. डोकं तुमच्या मांडीवर पाहिजे." मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी दहाला डॉक्टर आले, सोबत कंपाउंडर. या डॉक्टरांचा एक नियम आहे – पहिली सुई गुंगीची, दुसरी शेवटची, आणि घरच्या माणसाने डोकं धरल्याशिवाय दुसरी ते देतच नाहीत. बोनस पुढच्या खोलीत गोधडीवर होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पहिली सुई टोचली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शेपटीचं टोक हलवलं... त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी काहीतरी चांगलंच करतोय.

मी उठलो. पाणी आणतो म्हणालो आणि मागच्या दाराने पळालो. चप्पलसुद्धा घातली नाही. कोपऱ्यावर भिकाभाऊची चहाची टपरी आहे, तिथे बाकावर जाऊन बसलो आणि ढसाढसा रडलो. भिकाभाऊने चहा दिला, तो तसाच राहिला. वीसेक मिनिटांनी भानावर आलो. डॉक्टर नियमाप्रमाणे थांबले असतील, असं म्हणत धावत घरी आलो.

डॉक्टर अंगणातल्या नळावर हात धूत होते. मी माफी मागायला तोंड उघडणार तोच तेच म्हणाले, "हिंमत केलीत तुम्ही. सुई बघूनच माणसं बाहेर पळतात. तुम्ही शेवटपर्यंत हललासुद्धा नाहीत."

मी म्हटलं, डॉक्टर, मी इथे नव्हतोच. त्यांनी नळ बंद केला. धक्का बसला की होतं असं, म्हणाले. कंपाउंडर म्हणाला, काका, तुम्ही तर त्याच्या कानाशी बोलत होता. मी विचारलं, काय बोलत होतो?

"चल शेठ, सुट्टी झाली – असं दोन-तीनदा म्हणालात."

आधी बोनस माझ्यासोबतच कंपनीत यायचा. शिफ्ट सुटली की गेटवर वाट बघत बसलेल्या त्याला मी रोज हेच म्हणायचो. त्याचं गेटवर येणं बंद होऊन चार वर्षं झाली. या दोघांनी त्याला तेव्हा पाहिलंही नव्हतं.

आत गेलो. तो गोधडीवर पडला होता. जखमेवर माशी बसली तरी हलला नाही. अंग अजून उबदार होतं. दुपारी त्याला अथाल गावाच्या बाजूला ओळखीच्या एकाच्या शेतात पुरला.

भिकाभाऊला नंतर खोदून खोदून विचारलं. तो म्हणतो, दादा, ती वीसेक मिनिटं तुम्ही बाकावरून उठलेच नाही. डॉक्टर माझं मन राखायला खोटं बोलले म्हणावं, तर ते वाक्य त्यांना कुणी सांगितलं? मशीन खोलावं तसं हे सगळं मी खोलून बघितलं आहे. फॉल्ट सापडत नाही.

सुमन आली तेव्हा तिला सगळं खरं सांगितलं. तिने बोनसची गोधडी घडी घालून ठेवली. मग म्हणाली, "त्याला तर तुम्हीच दिसले ना? मग झालं."

नाही झालं. तो एकटा गेला नाही, याचं समाधान मलाही आहे, खोटं कशाला बोलू. पण ती वीस मिनिटं माझी होती. मी ती टाकून पळालो आणि दुसऱ्याच कुणीतरी ती उचलली. कोण होतं, का आलं, मला माहीत नाही. त्याचं डोकं मांडीवर जड होत गेलं असेल, ते मला कळलं नाही. त्याने शेवटचं वर पाहिलं असेल, ते मला दिसलं नाही. मला तिथे बसायचं होतं.