वीसपैकी अकरा

दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा मी शाळेत दहावीच्या प्रवेशपत्रांवर सह्या करत बसले होते. "ताई, शैला गेली... आज सकाळी," ते म्हणाले. आणि मी काय विचारावं? "कोण शैला?" दत्ताभाऊ हळूच म्हणाले, "वाबळे मॅडम, ताई. तुमच्याच शाळेच्या." कपाळ माझं! जिच्याशेजारी मी पाचवीपासून एका बाकावर बसले, तिची ओळख तिच्या नवऱ्याने मला अशी करून द्यावी! त्याला कारण आहे, आणि ते कारण मीच आहे. शाळेतल्या शोकसभेत मी तिचं पुष्कळ कौतुक केलं. ते खरं होतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं पाच आठवडे सांगायचं राहिलंय, म्हणून लिहायला घेतलं.

सावेडीत आज जिकडेतिकडे फ्लॅट आणि बंगले दिसतात, तिथे आमच्या लहानपणी बाभळी होत्या. त्या बाभळींत पत्र्याच्या तीन खोल्या, म्हणजे आमची शाळा. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की सर आम्हाला वह्या घेऊन बाहेर बसवायचे. दर शनिवारी अख्खी शाळा मैदानातले काटे वेचायची, कारण काटे निघाल्याशिवाय खो-खो खेळायला मिळायचं नाही. शैला पुणतांब्याची, शेतकऱ्याच्या घरातली, वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गावाकडून मामांकडे शिकायला आलेली. माझे वडील कचेरीत कारकून, घरात सगळं बोलणं मोजूनमापून. ही आली ती पहिल्याच दिवशी माझ्या बाकापाशी उभी राहून म्हणाली, "इथं कुनी बसतं का? न्हाई ना? मग सरक की जरा." मी सरकले. तिची भाकरी आणि ठेचा मी खायचे, माझी पोळीभाजी ती. ती मला "ए मंदे" म्हणायची आणि मी तिला "शैले". आमच्या घरी कुणी मला अशी हाक मारली असती तर आईने डोळे वटारले असते, पण शैलाच्या तोंडून मला ते फार आवडायचं.

दहावीच्या परीक्षेत गणिताच्या पेपरला मला सणकून ताप भरला. आई म्हणाली, राहू दे, ऑक्टोबरला बस. तेवढ्यात शैला मामांची सायकल घेऊन दारात. "काकू, हिला मी न्हेते. तिथं बसून तरी येऊ द्या." मला मागे कॅरिअरवर बसवलं, पदराने बांधावं तसं ओढणीने स्वतःच्या कमरेला बांधलं आणि सावेडीपासून पार शहरातल्या केंद्रापर्यंत पायडल मारत नेलं. मला बाकावर बसवून, कपाळावर ओला रुमाल ठेवून ती स्वतःच्या वर्गाकडे गेली, तर तिचं प्रवेशपत्र आमच्या घरी ओट्यावर राहिलेलं! पुन्हा सायकल, पुन्हा सावेडी. पेपरला ती वीस मिनिटं उशिरा बसली. मला तिच्यापेक्षा चांगले मार्क पडले, पेढे आमच्या घरी वाटले गेले. मी रडत रडत तिच्याकडे गेले तेव्हा म्हणाली, "तुजा ताप उतरला न्हवं? मग झालं तर." ही गोष्ट तिने पुढे कधी काढली नाही, अगदी काढायला हवी होती त्या दिवशीसुद्धा नाही.

पुढे दोघी बी.एड. झालो आणि दोघी त्याच शाळेत लागलो. तोवर पत्रे जाऊन दुमजली इमारत झाली होती. मी मराठी शिकवायचे, ती विज्ञान. अडगळीची एक खोली मागून घेऊन तिने प्रयोगशाळा उभी केली. स्टुलं रंगवली, काचेच्या नळ्या आणल्या, बर्नर आणला. तिच्या तासाला मुलं नुसती बसत नसत, त्यांचे हात चाललेले असत. एखाद्याला जमलं नाही तर शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायची. पालक न्यायला आले की मारे ठसक्यात सांगायची, "थांबा थोडं, अजून त्याला यायचंय."

मग मी मुख्याध्यापिका झाले आणि आजूबाजूला इंग्रजी शाळा निघाल्या. आमच्या तुकड्या कमी व्हायला लागल्या. तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याला कुठे पाठवतील सांगता येत नाही. निकाल चांगला लागला तरच पालक इथे मुलं घालणार. हे सगळं मी उगाच सांगत नाहीये, त्या वेळी मला खरोखर झोप लागत नसे. अशात शैलाने दहावीच्या प्रात्यक्षिकाचा तक्ता आणून दिला. वीसपैकी चौदा, नऊ, सोळा, अकरा. मी म्हटलं, "अगं, हे काय? सगळीकडे एकोणीस-वीस देतात. आपलीच पोरं मागं ठेवायची का?" ती म्हणाली, "मंदे, ज्याला अकरा पडलेत त्याला अकराच येतंय. मला आठ दिवस दे, पुन्हा शिकवते, पुन्हा घेते परीक्षा." पण तक्ता दुसऱ्या दिवशी जायचा होता. मी नवा तक्ता केला, सगळ्यांना अठराच्या वर घातलं आणि तिच्यापुढे सहीला ठेवला. तिने पेन उचललंच नाही. चिडली की तिचं पुणतांबं बाहेर यायचं. "मग परीक्षा घेता कशाला? नळ्या फोडून टाका की सगळ्या! मी न्हाई सही करनार." आणि मी, जी तिच्या कमरेला बांधून परीक्षेला गेले होते, ती मी म्हणाले, "वाबळे मॅडम, तुम्ही मुख्याध्यापिकेशी बोलताय." सही मी दुसऱ्याकडून घेतली. जूनमध्ये तिची दहावी काढून घेतली आणि तिला पाचवीचा वर्ग दिला.

वाटलं होतं भांडेल, चिडेल, निदान रडेल तरी. तसलं काही नाही. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली आणि म्हणाली, "मॅडम, पाचवीचा हजेरीपट कुठाय?" त्या दिवसापासून मी मॅडम झाले. ती निवृत्त होईपर्यंत, चार वर्षं. रोज परिपाठाला आम्ही दोन हातांवर उभ्या असायचो आणि ती मला "नमस्कार मॅडम" म्हणायची, कुठेही टोमणा नाही, खवचटपणा नाही. तेच मला जास्त बोचायचं. पाचवीच्या वर्गावरून जाताना दिसायचं, मुलं हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून ओरडतायत, सगळ्यांची बोटं पिवळी आणि शैला मधोमध उभी. तिकडे दहावीला गुण आपोआप मिळतात म्हटल्यावर प्रयोगशाळेत जाईना कुणी. खोली रिकामी दिसली म्हणून पोषण आहाराच्या तांदळाची पोती मीच तिथे ठेवायला सांगितली. तिच्या निरोप समारंभात मी कागदावरून भाषण वाचलं. किती वेळा वाटलं होतं की कागद बाजूला ठेवावा... नाही ठेवला.

दिवाळीनंतर कळलं की ती आजारी आहे आणि बरी होण्यातली नाही. मी भेटायला गेले ते आज बोलायचंच असं ठरवून. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, निम्मी झाली होती. "या मॅडम, बसा. अहो, चहा टाका," तिने दत्ताभाऊंना सांगितलं. मी डॉक्टरांबद्दल बोलले, तिच्या मुलीच्या नोकरीबद्दल बोलले, पार भाजीच्या भावापर्यंत बोलले. जे बोलायला गेले होते ते ओठांपर्यंत येई आणि चहाबरोबर परत खाली जाई. निघताना तिनेच विचारलं, "प्रयोगशाळेत अजून तांदूळच हाय का?" मी म्हटलं, "हो... काढून घेते लवकर." "बरं," ती म्हणाली आणि डोळे मिटले. मी बाहेर येऊन स्कूटर सुरू केली. पुन्हा येऊ, तेव्हा बोलू, असं मनाशी म्हणत घरी आले. मग संक्रांत झाली, परीक्षेची कामं निघाली आणि मग तो फोन आला.

ती गेल्यावर दोन आठवड्यांनी विज्ञानाच्या नव्या सरांनी प्रात्यक्षिकाचा तक्ता सहीला आणला. वीस, एकोणीस, वीस, वीस. मी विचारलं, "प्रयोग घेतलेत का हो?" त्यांनी सहीसाठी पेन पुढे केलं. त्यांना तरी काय बोलणार, हे ते माझ्याच शाळेत शिकले. मी तक्ता परत दिला, शिपायाला बोलावून पोती हलवली, टेबलं धुऊन घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः परीक्षेला उभी राहिले. सरांनी सांगितला तो प्रयोग अगदी साधा होता. लिंबाच्या रसात निळा लिटमस कागद बुडवायचा, काय होतं ते बघायचं आणि वहीत लिहायचं. मुलांनी भराभर लिहिलं, "लिटमस लाल झाला." एकच मुलगी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरून उभी होती. मी तिच्या वहीत डोकावले. "रंग बदलला नाही," तिने लिहिलं होतं. "अगं, लाल होतो तो. पुस्तकात आहे ना?" मी म्हटलं. ती म्हणाली, "पुस्तकात हाय मॅडम. पन माझा न्हाई झाला." मी कागद हातात घेतला. खरंच नव्हता झाला. मग बाकीच्यांचे बघितले, तर एकाचाही लाल झालेला नाही. ती डबी इतकी वर्षं त्या बंद खोलीत सादळून पडली होती, कागदांत काही जीवच उरला नव्हता. आणि वह्यांमध्ये सगळे लाल! "हे असं लिहायला कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं. "वाबळे बाईंनी. पाचवीत असताना. त्या म्हनायच्या, पुस्तकाला उत्तर आधीच ठाऊक असतंय, तुला काय दिसलं ते सांग." माझा चेहरा बघून ती घाबरली. "चुकलं का मॅडम? खोडू?"

"नको गं, खोडू नकोस," मी म्हटलं. बाकीच्यांना मी नवे कागद आणून पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. तिच्या नावापुढे वीस लिहिले. इतक्या वर्षांत दिलेले माझे पहिले खरे वीस. मुलं गेली, खोली रिकामी झाली, आणि जे मला शैलाच्या पलंगापाशी बसून सांगायचं होतं ते मी त्या धुतलेल्या टेबलांना सांगितलं. "शैले, माझं चुकलं गं." जरा मोठ्यानेच बोलले असेन, कारण शिपाई दारातून डोकावला. "मॅडम, मला काई म्हनलात का?"

"नाही हो," मी म्हटलं, "तुम्हाला नाही."