लिंपलेल्या पेट्या

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि कोंबडीने उकरल्यासारखं अक्षर, दोन्हींची माफी असावी. चौथीनंतर पाटी सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी आधी माफी मागितली की हात मोकळा होतो.

आमच्या परसात, जांबोटीच्या रानाकडे तोंड करून, सातेरी मधमाश्यांच्या तीन पेट्या ठेवल्या. थोरल्या जाऊबाईंना मी आक्का म्हणते. गोठ्यावर पत्रे घालायला साठवलेले दुधाचे पैसे त्यांनीच मला पेट्यांसाठी उसने दिले. माश्या गेल्या तर पुढच्या पावसात गुरं भिजणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

पावसाळा माश्यांनी साखरेच्या पाकावर काढला. मग धुकं उतरू लागलं. थंडीआधी मी रिकामी पोळी काढली, मध त्यांचा त्यांना ठेवला, दार लहान केलं. तेवढ्यावर राहवेना. घराच्या भिंती लिंपतो तशा पेट्याही शेणामातीने लिंपल्या. दार सोडलं तर एक फट ठेवली नाही. वर गोणपाट. कान लावला की आत कुणी झोपेत गुणगुणतंय असं वाटे. चुलीवरचं दूध विसरून मी तिथेच उभी राही.

एका सकाळी गुणगुण बारीक झाली. दारात ओल्या माश्या पडलेल्या. झाकण उचललं, तर आतल्या बाजूने त्यांच्याच वाफेचे थेंब टपकत होते.

आक्का मागे येऊन उभ्या राहिल्या. "माश्या भिजवल्यास व्हय गं?"

"थंडी लागंल म्हणून..."

"चुलीचा धूर जायला कौलात वाट ठेवतीस, आन् ह्यांना कोंडलीस! तुलाच ठिवू काय अशी लिंपून?"

माती खरवडली. झाकणाखाली काडी सरकवून वाट केली, कोरडं गोणपाट घातलं. एका पेटीत मूठभरच माश्या उरल्या होत्या, राणीही मेलेली. ती दुसरीवर ठेवली, एकदम भेटून भांडू नयेत म्हणून मध्ये वर्तमानपत्राचा कागद. तो कुरतडत कुरतडत त्या एकमेकींत मिसळल्या. कागदाचा पांढरा भुसा दारातून बाहेर येताना मी बघत बसले. धुक्याचंच पीठ झाल्यासारखा दिसत होता.

जांभळं फुलली तेव्हा सगळं रानच पेटीसारखं घुमत होतं. भांडी घासताना घुमायचं, डोळे मिटले तरी घुमायचं. आक्काही येता-जाता पेटीला कान लावू लागल्या.

"काय म्हणत्यात?" मी विचारलं.

"तुझ्यापरीस जास्त बोलत्यात."

मध खानापूरच्या बाजारात जाईल तसे आक्कांचे पैसे देत गेले. वळवाच्या आधी शेवटच्या नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या. न मोजताच त्यांनी त्या कनवटीला लावल्या आणि म्हणाल्या, "फिटलं बघ सगळं. चल, पत्रं बघून येऊ."