पाटीवरचे दोन दहा

९ नोव्हेंबर २०१७. तेवीस हजार आठशे पासष्ट रुपये. विमानतिकिटांच्या कचेरीत एकतीस वर्षे दुसऱ्यांची तिकिटे काढणाऱ्या अंतरमास्तरांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे तिकीट काढले.

हे टोपणनाव कचेरीने ठेवलेले. कोणत्याही दोन शहरांमधले अंतर आणि विमानाला लागणारा वेळ त्यांना तोंडपाठ. शेजारच्या टेबलावरची हिशेबनीस छेडायची, "मास्तर, तुम्ही कधी उडणार?"

"घाण्याचा बैल दिवसभर चालतो बाई, गाव कुठे बदलतो?"

भिंतीवरची पाटीही त्यांचीच करणी. तिच्यावर प्रत्येक विमानाची पोचण्याची वेळ इथल्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली. आपल्या माणसाला विमानतळावर सोडून घरी आलेले लोक फोनची वाट बघत बसतात. त्यांच्या डोक्याला परक्या घड्याळाची वजाबाकी कशाला? तिकिटावर तिथली वेळ, पाटीवर इथली. इतक्या वर्षांत एक तक्रार नव्हती.

थोरला भाऊ ज्या शहरात होता ते तीन हजार आठशे नव्वद किलोमीटरवर, पाच तास दहा मिनिटांचे. अकरा वर्षांत भेट नव्हती. फोनवर दादा म्हणायचा, "जन्माने तीन वर्षं मागे, घड्याळाने अडीच तास मागे. गाठणार कधी मला?"

"रिटायर झालो की आलोच."

त्या संध्याकाळी फोन आला तो वहिनीचा. "भाऊजी, हे गेले हो."

मास्तर खुर्चीत बसले, मग उठले. "मला दादाचं तोंड बघू द्या एकदा. सकाळी नऊचं विमान आहे."

"पोचाल किती वाजता? उद्या अंत्यविधीला चारची वेळ मिळतेय, नाहीतर सातची."

मास्तरांनी मान वर केली आणि हजारो गिऱ्हाइकांसाठी वाचली तशी पाटी वाचली. "दोन दहा."

"मग चारचीच घेते. घर जवळच आहे विमानतळापासून."

दुसऱ्या दिवशी विमान टेकले. तिथे चार वाजून चाळीस मिनिटे झाल्याचे सांगण्यात आले. मास्तरांनी मनगट पाहिले. बरोबर दोन दहा. खिशातल्या तिकिटावर चार चाळीसच छापलेले होते, आणि ते त्यांनी स्वतःच छापून घेतले होते.

न्यायला दादाचा शेजारी आला होता. त्याने टॅक्सीवाल्याला घाई करायला सांगितले नाही, तेव्हाच मास्तर काय ते समजले.

वहिनी दारातच होती. "साडेचारपर्यंत थांबवलं, भाऊजी. पुढच्या अंत्यविधीचे लोक दाराशी उभे होते. काय करू?"

"सातची घ्या म्हणायला हवं होतं मी."

"तुमच्या हातात काय होतं? विमानांना उशीर होतोच."

"विमान वेळेवर होतं, वहिनी."

ती बघत राहिली. मास्तर आत गेले. दादाच्या पलंगाशेजारी त्याचा चष्मा होता. मास्तरांनी काचा पुसल्या, दांड्या मिटल्या आणि तो जागेवर ठेवला.

आठवड्याने परतल्यावर त्यांनी पाटी ओल्या फडक्याने पुसून काढली. हिशेबनीस म्हणाली, "अहो, लोकांची सोय होती ना ती!"

"होती," मास्तर म्हणाले.

विमानतळावरून आणताना टॅक्सीचे भाडे शेजाऱ्याने दिले होते, तिथल्या चलनात बेचाळीस. ते द्यायचे राहिले आहेत.