बाहेरून कडी नसलेलं दार

सुमनकाकू स्वतः बांधलेल्या खोल्यांच्या दारांवरही टकटक करायच्या. कडेवर भाकरीची टोपली, डोक्यावर ऊन, तरी आतून आवाज येईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभ्या. "घर त्याईचं हाय बापा. मी कायले घुसू?"

रिसोडकडल्या मालेगावजवळच्या त्यांच्या भाजीच्या मळ्यात अशा सहा खोल्या होत्या. मनाच्या आजारानं, दारूनं रस्त्यावर आलेली माणसं तिथं राहत. डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर, जमेल तसं मळ्यातलं काम. कुणी पुन्हा पिऊन आला तरी खोली जात नसे. मी एकदा नाक मुरडलं, तर म्हणाल्या, "तुह्या घरी कोनी पेला, त तू त्याचं छप्पर काढतं का?"

मी तेच केलं होतं.

माझा धाकटा भाऊ दिगू. त्याला आवाज ऐकू येत, ते बुडवायला तो प्यायचा. आम्ही त्याला दोन वर्षं गोठ्यालगतच्या खोलीत बाहेरून कडी लावून ठेवलं. मग एका दुपारी मी त्याला रिसोडच्या स्टँडवर बसवलं, "चहा घेऊन येतो" म्हणालो आणि जीपमध्ये बसून घरी आलो. घरी सांगितलं, हात सोडून पळाला.

बाजाराला आलेल्या काकूंनी त्याला तिथूनच नेलं. तीन वर्षांनी गावातल्या एकानं त्याला मेथीच्या जुड्या बांधताना पाहिलं, तेव्हा मी गेलो. दिगू भिंतीकडे तोंड करून बसला. निघताना मी दार ओढलं आणि सवयीनं माझा हात वर कडी शोधू लागला. तिथं नुसती बुजवलेली भोकं होती.

"बाहेरून कडी नाही इथं. मीच काढली," मागून काकू म्हणाल्या. मग हळूच, "लय दिवस लावली वाट्टे?"

पायरीवर बसून मी सगळं सांगितलं. चहाचंही. त्यांनी ना शिव्या दिल्या, ना धीर. "मले काय सांगून राह्यला? ज्याचा चहा राह्यला त्याले सांग. पन टकटक करून. नाही उघडलं, त पुढच्या सोमवारी ये."

आठ सोमवार मी थर्मास घेऊन बंद दारावरून परतलो. नवव्या सोमवारी आतली कडी निघाली. दिगूनं आधी थर्मासकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लय टाइम लावला दादा, चहाले."

काकू मागच्या उन्हाळ्यात गेल्या. आता टोपली दिगू फिरवतो. काकूंच्या रिकाम्या घरातून पीठ आणायचं असलं, तरी तो आधी दारावर टकटक करतो, थोडा थांबतो, मग आत जातो. मी सोबत असतो. त्याला घाई करत नाही.