पहिल्या हाकेला ओ

तानूआक्का मला दिसायच्या आधी ऐकू आल्या. मी आरोग्य सेविका, मूळची वाईची. बदली झाली आणि कोयनेच्या फुगवट्यातलं ते बेट माझ्या वाट्याला आलं. बेट कसलं, पूर्वीचा डोंगरमाथाच तो. धरण भरलं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं, निम्मी माणसं पलूसकडे जमिनी मिळाल्या तिकडे गेली, आणि हट्टी तेवढी वर चढून माथ्यावर राहिली. लशींचा डबा छातीशी धरून मी पहिल्यांदा लाँचमधून उतरले, तेव्हा थंडीचे दिवस होते. धुकं इतकं, की स्वतःच्या चपला दिसत नव्हत्या. आणि त्या धुक्यात जवळच कुठेतरी एक बाई निवांत गप्पा मारत होती.

"मग काय, वरण केलंय. तू जेवलास का?... आसं व्हय?... बरं, बरं. हिकडंच ये, आवाजाच्या रोखानं."

मध्ये ती थांबे, ऐकून घेई, हसे, मग पुढे बोले. फोनवर असेल, असं मला वाटलं. जवळ गेले तर खडकावर एक उंच, काटकुळी म्हातारी उभी. हात मोकळे आणि तोंड पाण्याकडे. समोर कुणी नव्हतं. बेटावर फोनला रेंज नाही, हे मला मागाहून कळलं.

"कुणाशी बोलताय?" मी विचारलं.

"हाय कुनीतरी," त्या म्हणाल्या. "हाक आली. आता हाक आली तर ओ नको का द्यायला?"

मी तर हाक ऐकली नव्हती. लाँच चालवणाऱ्या बबनकडे पाहिलं, तर तो उगाचच इंजिन पुसत बसला.

बेटाची रीत नेमकी याच्या उलट होती. धुक्यात पाण्यावरून हाक आली, की बेटावरची माणसं गप्प होतात. बोलता बोलता गप्प होतात, लहान पोरांच्या तोंडावर हात जातात. दुसऱ्या हाकेलाही कुणी हूं की चूं करत नाही. तिसरी आली, की मगच सगळे मिळून ओ देतात. गावाबरोबर गावाचं स्मशानही पाण्याखाली गेलंय. तिथल्यांना दोनच हाका मारता येतात, तिसरी जित्या माणसाचीच, असा पक्का समज. हे ऐकून मी तोंडावरच हसले. तेव्हा आक्कांची धाकटी जाऊ शेवंताकाकू मला म्हणाल्या, "हसा बाई, हसा. तुमचं घर कोरड्यात हाय."

आक्का मात्र पहिल्याच हाकेला ओ द्यायच्या. त्यामुळे धुक्याच्या दिवसांत त्यांच्या दाराकडे कुणी फिरकत नसे. तिला पाण्यानं धरलंय, असं माणसं मला हळूच सांगत. मी मात्र मुद्दाम तिथेच चहाला बसायची. मला कुणी एखाद्या घरी जाऊ नका म्हटलं, की माझे पाय तिकडेच वळतात. एकदा त्यांचा रक्तदाब तपासता तपासता मी विचारलं, "आक्का, तुम्हीच तेवढ्या ओ का देता?"

"मालक पलीकडनं होडीतनं येत हुतं," त्या म्हणाल्या. "आसंच धुकं. हाक आली तवा मी भाकरी थापत हुते. आवाज वळखला मी. नवऱ्याचा आवाज वळखू येत न्हाई व्हय? उठले, तर शेवंतीनं हात धरला. म्हनली, थांब, तिसरी येऊ दे. सासूबी तसंच म्हनली. दुसरी आली ती लय लांबनं आली. मंग मी तिसरीची वाट बघत बसले. भाकरी करपली, तरी बसले हुते."

होडी उलटी सापडली. नवरा सापडलाच नाही. दोन्ही जावा त्यानंतर जन्मभर भिंतीला भिंत लावून राहिल्या, एकमेकींची दुखणी काढली, पण त्या सकाळीबद्दल कधी बोलल्या नाहीत.

"पण मेलेल्यांनीच हाक मारली असली तर?" मी आपलं खोडसाळपणे विचारलं.

"मारंनात! मेल्याला ओ दिली तर माजं काय जातंय? जित्याला न्हाई दिली, तर त्याचं समदंच जातं. आन् नुसती ओ दिऊन भागत न्हाई, बाई. धुक्यात एकदाच आवाज दिला, तर मानूस गोल गोल फिरतं. बोलत ऱ्हावं लागतं."

हे बोलत राहणं काय असतं, ते पुढच्या थंडीत मला कळलं. मी आणि बबन दोघंच बेटाकडे निघालो होतो. मध्यावर इंजिन बंद पडलं. बबननं वल्हं काढलं, पण थोड्याच वेळात कुठून आलो आणि कुठं चाललो, काही कळेना. मी म्हटलं, हाक मार. तो तयार होईना. "पान्यावरनं हाक मारली की खालचीबी जागी हुत्यात," म्हणाला. मग मीच ओरडले. उत्तर नाही. काठ जवळच होता, कारण शेळी ओरडलेली ऐकू आली आणि लगेच कुणीतरी तिचं तोंड दाबलं. पलीकडे माणसं बसली होती, माझी हाक ऐकत होती आणि गप्प होती.

"व्हय गं बाईऽऽ! हाय मी!" आक्कांचा आवाज आला आणि मग थांबलाच नाही. शेळी व्याली, दोन्ही पाटीच झाल्या, बोकड एकही नाही, कालवणात मीठ जास्त पडलं, असलं काहीबाही त्या बोलत राहिल्या. आम्ही त्या आवाजाला धरून काठाला लागलो. मला रडूच फुटलं. आक्कांनी माझा हात धरून मला खडकावर घेतलं आणि माझ्या मागे पाहिलं.

"तिसरं कुठाय?"

"आम्ही दोघंच होतो, आक्का."

"न्हाई. तुमच्या मागनं एक बाप्या बोलत हुता की. मी त्याला म्हनलं, ह्यांच्या मागोमाग ये."

बबन लाँच न बांधताच वर पळाला. आक्का धुकं विरेपर्यंत तिथेच बसून पाण्याशी बोलत होत्या. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

मग त्यांचा आवाज बसू लागला. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी मीच त्यांना साताऱ्याला नेलं. घशात गाठ निघाली. त्यांचा मुलगा विलास पलूसहून आला. तिथे त्याचा ऊस होता, पक्कं घर होतं. "आये, आता चल माझ्याकडं. नुसती बसून खा," तो काकुळतीनं म्हणाला. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. आक्कांनी एवढंच विचारलं, "आवाज ऱ्हाईल?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आक्का पदर सावरून उठल्या.

परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. "जीव जाईल, आक्का!"

"जाऊ दे की. पन तवर ओ कोन देनार? शेवंती?" आणि हसल्या. ते हसणं नुसतं हवेसारखं बाहेर आलं.

त्या निर्णयाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माझ्या आईवर मी जेवढी चिडले असते तेवढी चिडले, कारण जीवही तेवढाच लागला होता. पुढची थंडी त्यांनी खडकावर बसून काढली. आवाज पूर्ण गेला तरी ओठ हलत असायचे.

त्या गेल्या तेही धुक्यातच, पहाटेच्या सुमारास. उजाडल्यावर त्यांना काठाजवळ आणून निजवलं. सगळं बेट भोवती बसलं. विलासला निरोप द्यायला बबन लाँच घेऊन पलीकडे गेला होता; तो त्याला घेऊनच येणार होता, म्हणून थांबलो होतो. तेवढ्यात पाण्यावरून हाक आली. "होऽऽ!" पुरुषाचा आवाज.

माणसं गप्प झाली. आईनं पोराच्या तोंडावर हात ठेवला. मी ओ द्यायला उठणार, तोच आक्कांच्या उशाशी बसलेल्या शेवंताकाकू गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. पाण्यापाशी गेल्या.

"व्हय रंऽऽ! हिकडं हाय, हिकडं!" त्या ओरडल्या. पुढं काय बोलावं ते त्यांना सुचेना. मग म्हणाल्या, "तिला न्हाऊ घातलंय. निळं लुगडं नेसवलंय, तिच्या आवडीचं. लाकडंबी आनल्यात. तू ये सावकाश." मागून एक म्हातारा बोलू लागला, मग एक सून. बघता बघता सगळा काठ बोलू लागला.

पुष्कळ वेळानं लाँच आली, ती भलत्याच बाजूनं. विलास उतरला. काकूंनी त्याला मिठी मारली. "पयल्याच हाकंला ओ दिली रं, लेका."

विलास गोंधळला. "मी कुठं हाक मारली, काकू? इंजिन चालू हुतं की."

बबननंही नाही म्हणून मान हलवली. सगळे पाण्याकडे पाहू लागले. तिथे धुक्याशिवाय काही नव्हतं.

शेवंताकाकूंनी विलासला हळूच बाजूला केलं. पदर डोक्यावरून नीट घेतला, थोरल्या दिरासमोर घ्यावा तसा, आणि पुन्हा पाण्याकडे तोंड केलं.

"या, भावजी," त्या म्हणाल्या. "थांबलोय आमी."